छिंदवाड्याला, नाताळच्या बाजाराला

पाचवीत असताना मी आईशी एक खोटं बोलले आणि ते मला दहावीपर्यंत पुरलं.

आमची शाळा कॉन्व्हेंटची. नाताळच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी मैदानावर बाजार भरायचा. टेबलांना चकचकीत कागदाच्या झिरमिळ्या, बाटलीवर रिंग फेकायचा खेळ, मुलींनी केलेली ग्रीटिंग कार्डं, आणि एका कोपऱ्यात सिस्टर स्वतः उभ्या राहून केक विकायच्या. आदल्या आठवड्यात घरी छापील चिठ्ठी यायची, की पालकांनी अवश्य यावं. चिठ्ठी इंग्रजीत. आई मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला जुळवता येत होती, पण घरात वाचणारी मुलगी असताना ती कशाला जुळवत बसेल?

“काय लिवलं हाय?” तिनं कणीक मळता मळता विचारलं.

“बाजार आहे. पण आयांना येऊ देत नाहीत.”

“काहून?”

“जागा कमी पडते.”

तिनं लगेच विश्वास ठेवला. ते मला अजून टोचतं.

खरं कारण महिनाभर आधीचं होतं. पालकसभेला ती आली होती आणि व्हरांड्यात मॅडमना म्हणाली होती, “काहून जी मॅडम, माही पोरगी वर्गात बोलत नाही म्हणते? घरी तं लय बोलते!” आईचा आवाज मोठा आहे. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आमचं क्वार्टर रस्त्याच्या कडेला. कोळशाचे ट्रक जात असताना बोलायचं, तर आवाज ट्रकाच्या वरचा लागतो. ती सवय तिनं व्हरांड्यातही सोडली नाही. माझ्या मागे दोन मुली हसल्या. एकीनं “लय” हा शब्द हळूच म्हणून पाहिला. एवढंच झालं होतं.

मग सहा वर्षांचे डिसेंबर असे गेले की मी एकटी बाजारात जायचे, आणि आईनं दिलेल्या पैशांतून तिच्यासाठी केकचा एक तुकडा कागदी रुमालात गुंडाळून आणायचे. ती तो बशीत काढायची, आधी वास घ्यायची, मग चिमटीनं थोडा थोडा खायची आणि दर वर्षी एकच विचारायची, “यात काय काय असते वं?” मला माहीत नसायचं. एकदा तिनं तिच्या अंदाजानं संत्र्याची साल वगैरे घालून कुकरमध्ये केक करून पाहिला. तो इतका कडू आणि विटेसारखा कडक झाला की बाबा म्हणाले, “याले कंपाऊंडच्या भिंतीत लावू.” मी मात्र सगळा खाल्ला. त्या वयात माफी मागायचा मला तेवढाच मार्ग माहीत होता.

आता मी पंचवीस वर्षांची आहे. नागपुरात एका ऑफिसात कामाला जाते. लोकांच्या तक्रारींना लेखी उत्तरं देणं हे माझं काम. फोनवर उत्तरं देणारा विभाग वेगळा आहे, म्हणून ही नोकरी मला आवडते. गेल्या नोव्हेंबरात ठरवलं की आईला एकदा नाताळच्या बाजारात न्यायचं आणि तिथंच ते खोटं सांगून टाकायचं. घरात स्वयंपाकघरात सांगता आलं असतं, पण प्रयत्न केला की दर वेळी कुकरची शिट्टी व्हायची, किंवा मला तसं वाटायचं.

नियोजन करायला मला आवडतं, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नाही. मोबाईलवर तक्ता केला. सुरुवात बर्फातल्या लाकडी दुकानांच्या फोटोंपासून झाली. ते फोटो नुसते बघण्यासाठी होते, हे मलाही माहीत होतं. मग गोवा लिहिलं. तिकिटं बघून खोडलं. मग कोलकाता. शनिवार-रविवारच्या सुट्टीत तिथं पोचून फक्त परत फिरता आलं असतं. तक्ता आखडत गेला आणि शेवटी त्यात एकच ओळ राहिली: छिंदवाडा. कोराडीच्या नाक्यावर बस थांबते, सावनेर-सौंसर करत तीन-साडेतीन तासांत पोचवते. एक रात्र लॉजवर, दुसऱ्या दिवशी परत.

छिंदवाड्याचं मला कळलं ते ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. आमच्या मजल्यावरची एक मुलगी तिकडची आहे. ती तिच्या मैत्रिणीला सांगत होती, की तिच्या गावी जुन्या मिशनच्या आवारात बड्या दिनाआधी, म्हणजे नाताळाआधी, बाजार भरतो, लोकरीच्या टोप्या असतात, मुलं गाणी म्हणतात, केक तर विचारू नका. मी शेजारच्या टेबलावर तिच्याकडे पाठ करून बसले होते. पुढचे तीन दिवस मी त्याच टेबलावर बसले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बड़े दिन से पहले वाले सनीचर को तो हम सब वहीं रहेंगे, सुबह से.” मी तक्त्यात शनिवार लिहिला आणि डबा बंद करून उठले. आणखी काही विचारायचं असतं, तर मला फक्त खुर्ची वळवावी लागली असती. मी वळवली नाही.

घरी सांगितलं तेव्हा बाबा पहिल्या पाळीहून येऊन चहा पीत होते.

“छिंदवाड्याले? ट्रिपले?” त्यांनी कप खाली ठेवला. “लोकं गोव्याले जातात, माय-लेकी छिंदवाड्याले चालल्या! तिथं मक्याचं कणीस भेटते फक्त.”

आईची अडचण वेगळी होती. “कोणाच्या घरी जायचं हाय?”

“कोणाच्याच नाही. लॉजवर राहायचं.”

“लग्न हाय काय कोणाचं?”

“नाही गं. फिरायला. नाताळचा बाजार बघायला.”

आईचे प्रवास म्हणजे लग्न, बाळंतपण, मयत आणि दर दसऱ्याला दीक्षाभूमी. जिथं आपली कोणी वाट बघत नाही अशा गावाला बसनं जायचं, ही गोष्ट तिच्या डोक्यात कुठं ठेवावी ते तिला कळेना. शेवटी मी म्हटलं, “तो केक करताना बघायला मिळेल. त्यात काय काय असतं ते.”

“असं सांग नं मंग,” ती म्हणाली, आणि उठून कपाटातून बॅग काढली. जायला अजून बारा दिवस होते.

लॉजला फोन करणं राहिलं होतं. मी हिंदी वाक्य कागदावर लिहून काढलं, दोनदा मोठ्यानं वाचलं, नंबर लावला. पलीकडून एक माणूस खेकसला, “हां, बोलो!” मी फोन ठेवला. आईनं तो माझ्या हातातून घेतला, पुन्हा लावला आणि खोलीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, “भैया, हम दो जनानी आ रहे. कमरा पक्का रखना. चादर धुली हुई बिछाना, पिछले वाले की नहीं चलेगी. और सुबह गरम पानी की बाल्टी उसी भाव में देना, अलग से नहीं देंगे हम.” पलीकडचा माणूस बिचारा “हां माताजी, हां माताजी” करत होता. बाबा म्हणाले, “आता त्याले जेवाले का बोलावून राहिली?”

निघायच्या सकाळी बॅगेशेजारी एक मोठी कापडी पिशवी दिसली. आत संत्री. पाच किलो तरी असतील.

“आई, ही कोणासाठी?”

“कोणासाठी बी नाही. पण रिकाम्या हातानं कसं जायचं परक्या गावाले?”

मी तिला समजावलं की बाजाराला कोणी भेट नेत नाही. ती म्हणाली की ते तुला काय माहीत. पिशवी बसमध्ये माझ्या मांडीवर बसून आली. घाटात तिचं वजन दर वळणाला वाढत होतं. आई खिडकीशी, डोक्याला रुमाल बांधून, प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती.

छिंदवाड्याला थंडी आपल्याकडच्यापेक्षा दोन स्वेटर जास्त. लॉजवर बॅग टाकली. चादर धुतलेली होती, आईनं ती हुंगून खात्री केली. मग रिक्षानं मिशनच्या आवाराशी उतरलो. जुनी झाडं, बसकं चर्च, मोठं मैदान. मैदान रिकामं होतं. दोन माणसं बांबू रोवत होती आणि एक म्हातारे गृहस्थ ट्यूबलाइटच्या माळा सोडवत बसले होते. बाजार नव्हता.

मी मोबाईल काढून तक्ता उघडला, जणू चूक मैदानाची होती. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, शनिवार. आई त्या गृहस्थांकडे सरळ चालत गेली. मी दहा पावलं मागे राहिले, पण तिथूनही सगळं ऐकू आलं. बाजार उद्या, रविवारी, सकाळची प्रार्थना संपली की. आज शनिवार, आज तर केकचा दिवस. सगळे बेकरीवर आहेत. कॅन्टीनमधलं ‘वहीं’ म्हणजे बेकरी होती.

“चाल,” आई येऊन म्हणाली. “उद्या हाय. आज केक करून राहिले सारे. ते पाहायलेच तं आलो नं?”

बेकरी मागच्या गल्लीत होती. आत मोठी भट्टी, बाहेर फुटपाथवर बायकांची रांग, आणि प्रत्येकीपुढे डबे. तिथली पद्धत अशी की बड्या दिनाचा केक दुकानातून विकत आणत नाहीत. मैदा, लोणी, अंडी, साखर, पेठा, भिजवलेला मेवा असं सगळं घरून आणायचं आणि बेकरीवाल्याला द्यायचं. तो परातीत आपल्या डोळ्यांदेखत कालवतो, पत्र्याच्या साच्यांत ओततो, वर नावाची चिठ्ठी चिकटवतो आणि भट्टीत सारतो. केक होईपर्यंत जागचं हलायचं नाही. नाहीतर लोणी कोणाचं आणि केक कोणाचा, असा तंटा होतो, असं रांगेतल्या एकीनं आईला सांगितलं. विचारण्याआधीच.

त्या रांगेत ऑफिसातली मुलगी होती. तिनं मला बघितलं, मग माझ्या मांडीवरून आता हातात आलेली संत्र्यांची पिशवी बघितली.

“अरे, तुम? तुम यहाँ कैसे?”

मी म्हटलं, “वो... कॅन्टीन में सुना था.”

“सुना था? तो पूछ लेती ना! आधा साल हो गया, तुम तो बात ही नहीं करती.”

तिच्याबरोबर तिची आई होती. पांढरे केस, जाड चष्मा, मिशनच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. माहेर सौंसरकडचं, त्यामुळे मराठी चांगली येत होती. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “नागपूरची संत्री! अहो, मी साल आणायची विसरले. बाजारात मिळतात ती सगळी सुकलेली.”

मग काय. आई फुटपाथवर एका उलट्या खोक्यावर बसली आणि सोलायला लागली. साल निघाली की आतला पांढरा भाग नखानं खरवडून काढायची. “तो राहिला तं कडू होते,” तिनं सगळ्यांना बजावलं. कुकरच्या केकपासून ती एवढं शिकली होती. साल रांगेत पुढे जात राहिली, फोडी आम्ही सगळ्याच खात राहिलो. आणि सालीच्या बदल्यात वस्तू येऊ लागल्या. कोणी दोन अंडी दिली, कोणी मूठभर मनुका, कोणी पेठ्याचे तुकडे. मैदा-लोणी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं. निवृत्त बाईंनी भिजवलेल्या मेव्याची वाटी पुढे केली तेव्हा आईनं वास घेतला आणि चमकली.

“यात दारू हाय काय?”

“रम आहे थोडी. भट्टीत उडून जाते.”

“उडली नाही तं?”

“तर बड्या दिनाची आठवण राहते,” बाई म्हणाल्या. आईला त्या एकदम आवडल्या.

आणि आवडल्या म्हणूनच आईनं त्यांना ते सांगितलं. साल खरवडता खरवडता, अभिमानानं, रांगेच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं. “हिच्या शाळेत बी असाच बाजार भरे. कॉन्व्हेंटमध्ये होती नं ही. पण तिथं आयायले येऊ देत नव्हते.”

बाईंनी चष्म्यातून आधी आईकडे, मग माझ्याकडे बघितलं. “अशी कुठली शाळा? मी तीस वर्षं शिकवलं. आया आल्या नाहीत तर बाजार चालेल कसा? घेणार कोण?”

“जागा कमी पडे म्हणते,” आई म्हणाली.

बाई माझ्याकडेच बघत राहिल्या. तीस वर्षं मुलींना बघितलेल्या माणसाची नजर होती ती. मी लोण्याचा कागद घडी करत होते. तो घडी करून इतका लहान झाला होता की आणखी घडी पडेना.

“देत होते,” मी म्हटलं.

“काय म्हणून राहिली? मोठ्यानं बोल.”

“येऊ देत होते, आई. चिठ्ठीत बोलावलं होतं. मीच खोटं सांगितलं.”

ऑफिसातली मुलगी उगाच आपल्या डब्यात बघायला लागली. आईचं नख सालीवर थांबलं.

“साही वर्षं?”

“सहाही.”

“बाप्पा!” ती म्हणाली. “अन् मी त्या सिस्टरायले इतके वर्षं कोसत होती!”

ज्यांना मराठी कळलं त्या हसल्या, आणि ज्यांना कळलं नव्हतं त्यांना इतरांनी सांगितलं, मग त्याही हसल्या. आई हसली नाही. तिनं पुढचं संत्रं घेतलं, सोललं, साल खरवडली, फोडी माझ्या हातात दिल्या. मग हळू आवाजात, तिचा हळू आवाज मी क्वचितच ऐकलाय, विचारलं, “काहून?”

“तू मोठ्यानं बोलतेस म्हणून.”

तिनं नखात अडकलेला पांढरा भाग झटकला. “हळू बोलली असती तं त्या मॅडमले ऐकू आलं असतं काय?” मग, “एक डाव तं न्यायचं होतं. केक करणारी कोण हाय ते पाहिलं असतं.”

मी फोडी खाल्ल्या. एक बी गिळली.

तेवढ्यात आतून बेकरीवाल्यानं हाक मारली, कोणाचा नंबर? आई ताडकन उठली. आमचं सगळं सामान घेऊन ती थेट परातीशी गेली आणि तो कालवत असताना त्याला एकेक गोष्ट विचारत राहिली: काळा रंग कशानं येतो, साखर किती जाळायची, अंडी आधी का नंतर. त्यानं साच्यावरच्या चिठ्ठीसाठी पेन उचललं. “नाम बोलो.”

“कोराडीवाली लिखो,” आई म्हणाली. माझ्याकडे वळून, जरा जास्तच मोठ्यानं, “बरोबर हाय नं वं? का हळू सांगू?”

तेव्हा मला कळलं की मी सुटले. पूर्ण नाही, पण सुटले. यानंतर ती हे मला आयुष्यभर ऐकवणार होती, आणि आमच्या घरात जे ऐकवलं जातं ते माफ झालेलं असतं. बाबांचं हरवलेलं घड्याळ, मामाच्या लग्नातली माझी उलटी, त्यात आता हे.

केक निघाला तेव्हा ऊन उतरलं होतं. साच्यावरची चिठ्ठी कडेनं करपली होती. लॉजपर्यंत आईनं तो पदराखाली धरून आणला, ऊब लागावी म्हणून. केकला की तिला, ते कळलं नाही.

रविवारी प्रार्थना संपली आणि मैदान भरलं. फाटकाशी टेबल लावून एक शाळकरी मुलगी येणाऱ्यांच्या कपड्यांना लाल फीत टाचत होती. आई तिच्यापुढे उभी राहिली.

“बेटी, माँ लोगों को अंदर आने देते क्या?”

मुलगी गोंधळली. तिनं माझ्याकडे बघितलं. मागे रांग होती, सगळे ऐकत होते.

“देते हैं,” मी म्हटलं. माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. बांबूवर चढलेल्या माणसानं खाली बघितलं.

“जागा है ना?” आई म्हणाली. “बाद में कम नहीं पड़नी चाहिए.”

फीत लावून ती आत शिरली आणि मग मला तिच्यामागे धावावं लागलं. तिनं लोकरीच्या टोपीचा भाव निम्म्यावर आणला. रिंग फेकून साबणदाणी जिंकली. मुलांची गाणी चालू असताना, शब्द येत नसूनही, ती शेवटचा स्वर त्यांच्याबरोबर ओढत होती. गाणाऱ्यांत ऑफिसातली मुलगी होती. तिनं मला हात केला आणि मीही केला. सोमवारी मी कॅन्टीनमध्ये खुर्ची वळवणार होते, हे तक्त्यात लिहिण्याची गरज नव्हती.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली तसा आईनं बाबांना फोन लावला.

“ऐकलं काय जी? तुमच्या पोट्टीनं काय केलं मालूम हाय काय? साही वर्षं शाळेतल्या बाजारात मले बोलावलं होतं, साही वर्षं!” तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, चिठ्ठी, कणीक, जागा कमी पडते, काही सोडलं नाही. मग केकमध्ये काय काय असतं ते सांगितलं, क्रमानं, रमसकट. समोरच्या बाकावरची बाई पूर्ण मागे वळून बसली. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. बाबांचं हसणं फोनमधून मलाही ऐकू येत होतं.

फोन ठेवल्यावर समोरच्या बाईनं मला विचारलं, “खरंच काय वं, असं सांगितलं होतं तू?”

“हो,” मी म्हटलं.

ती तोंडाला पदर लावून हसली. आईनं केकचा कागद उघडला, करपलेली चिठ्ठी जपून पर्समध्ये ठेवली आणि नखानं एक तुकडा तोडून सगळ्यात आधी त्या बाईला दिला.

“घ्या,” ती म्हणाली. “काय काय हाय यात, ते सांगू काय?”